जांभ्याची भिंत आणि जांभळा नकाशा

माहेरचं जांभ्या दगडाचं घर यंदा मे महिन्यात पाडायचं ठरलं. भावांचंही खरंच आहे, दर पावसाळ्यात भिंती पाझरतात. पण ऐकून मला घास गेला नाही. तेव्हा सुट्टीत पोफळीला आमच्याकडे आलेली भाची म्हणाली, "आत्या, मी माझ्या खेळात आजीचं घर उभं करते." ती संगणकावरचे खेळ बनवायला शिकते आहे. मी बी.ए. वाली, दुपारी शाळेत मराठी शिकवणारी. पण शेजारी बसून सगळं समजून घेतलं.

मैत्रिणींनो, खेळातली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनलेली असते. जांभ्याचं एकेक भोक कोरायचं तर एका भिंतीलाच लाखो त्रिकोण लागतात आणि साधा फोन तिथेच दमतो. म्हणून भिंती दोन करायच्या. एक सगळे खळगे कोरलेली, दुसरी जवळजवळ सपाट, शंभर-दोनशे त्रिकोणांची. मग पहिलीचे खळगे एका चित्रात उतरवून ते चित्र दुसरीवर चढवायचं. हाच 'नॉर्मल मॅप'.

मला वाटलं, रांगोळीत छटा भरतो तसंच असेल. पण रांगोळीतली सावली जागची हलत नाही. इथे चित्रात सावली नसतेच. कुठला बिंदू कुणीकडे तोंड करून आहे, एवढीच नोंद असते. तांबडा रंग डावं-उजवं सांगतो, हिरवा वर-खाली, निळा समोरचं. सपाट जागी १२८, १२८, २५५ हे आकडे येतात, म्हणून सारा नकाशा जांभळट दिसतो. दिवा सरकला की ही नोंद वाचून सावलीही सरकते! १९७८ साली जेम्स ब्लिन यांनी पृष्ठभागावर सुरकुत्या भासवायची युक्ती मांडली, तिचीच ही पुढची पिढी. २००४ च्या 'डूम ३' या खेळात तिचा भरपूर वापर झाला.

भाचीने 'ब्लेंडर' हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. ब्लाउज उसवून तुकडे टेबलावर पसरावेत, तशी आधी सपाट भिंत उलगडायची. तुकड्यांभोवती माया ठेवायला विसरू नका, नाहीतर शिवणीवर रेघा दिसतात. मग दोन्ही भिंती एकाच जागी आणून आधी कोरलेली निवडायची, नंतर सपाट, आणि 'बेक' करायचं. (मला नानखटाईच आठवली. लॅपटॉप इतका तापला की वीजघरातून आलेल्या ह्यांनी विचारलं, "यावर पोळ्या भाजताय का?")

खेळात भिंत लावली तर खळग्यांच्या जागी पुटकुळ्या! पोरगी रडवेली झाली. अर्धा दिवस गेला तेव्हा कळलं, हिरव्या रंगाची दिशा उलटी पडली होती. ब्लेंडर हिरवा वरच्या दिशेने धरतं, तिचं 'अनरीअल' खालच्या. तेवढा हिरवा उलटवला आणि भिंत ताळ्यावर आली. ब्लेंडरमध्ये हे चित्र परत लावताना 'नॉन-कलर' निवडावं लागतं, कारण ते रंगांचं नसून आकड्यांचं असतं.

मात्र बाजूने पाहिलं की भिंतीची कड सरळसोटच दिसते. खोली ती भासापुरतीच. म्हणून दिव्याचा कोनाडा तिने त्रिकोणांतच खरा कोरला.

आईला दाखवलं. तिने दिवा दोनदा इकडून तिकडे फिरवायला लावला. मग म्हणाली, "कोनाड्याखालचा मोठा खळगा कुठाय गं? मी त्यात काडेपेटी ठेवायची."

तोही आता खराच कोरावा लागणार. भाची रविवारी टेप घेऊन मोजमापाला जाणार आहे.