ओठ सोलत असतील तर टूथपेस्टची ट्यूब पाहा

गेल्या रमजानमध्ये, दुसऱ्या आठवड्यात, आमच्या नववीतल्या मुलीचे ओठ सोलायला लागले. आधी कोरडे पडले, मग कडेला भेगा, मग हनुवटीवर बारीक लाल पुरळ. रोजे सुरू होते, ऊन तापू लागले होते, त्यामुळे घरात कोणाला नवल वाटले नाही. पाणी कमी पडले असेल, उष्णता झाली असेल. अम्मींनी बेंबीत तूप लावायला सांगितले, शेजारच्या खालांनी नजर उतरवली, आम्ही मेडिकलमधून मलम आणले. ईद झाली, पोरगी दिवसभर पाणी प्यायला लागली, तरी ओठ तसेच. शिरखुर्म्याचा पहिला चमचा तोंडात घेताच तिच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा मात्र आम्ही घाबरलो.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "दात कशाने घासतेस?" आम्हाला तो विषयांतराचा वाटला. मग आठवले. रमजानचे सामान भरताना आम्हीच लाल जेलची, दालचिनीच्या झणझणीत चवीची नवी ट्यूब आणली होती. रोज्यात तोंडाला वास येऊ नये म्हणून मुलगी सहेरीनंतर आणि इफ्तारनंतर ब्रशभर पेस्ट घेऊन दात घासत होती. म्हणजे दुखणे वाढत होते आणि औषध समजून आम्ही तेच वाढवत होतो.

टूथपेस्टने होणारा त्रास दोन तऱ्हेचा असतो, हे त्या दिवशी कळले. एक नुसती जळजळ. फेस येण्यासाठी बहुतेक पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट घालतात. काहींच्या तोंडातली नाजूक कातडी त्याने सोलते, आणि ज्यांना वरचेवर तोंड येते त्यांच्यापैकी काहींना हा घटक नसलेली पेस्ट वापरल्यावर फरक पडतो. दुसरी खरी अ‍ॅलर्जी. शरीराला एखादा पदार्थ एकदा खुपला की पुढे त्याचा थोडा स्पर्शही पुरतो. ही बहुधा लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उमटते, म्हणून संशय पेस्टवर जातच नाही. वर्षानुवर्षे वापरलेल्या पेस्टचीही ती अचानक होऊ शकते. दोषी बहुतेक वेळा चव आणि सुगंध देणारे घटक असतात: दालचिनीतले सिनॅमल, पुदिन्याच्या जातीतले कार्व्होन आणि मेंथॉल, लवंगेतले युजेनॉल. लोक फ्लोराइडला नावे ठेवतात, पण त्याची अ‍ॅलर्जी फार विरळ.

खात्री करायला पॅच टेस्ट असते. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांचे छोटे ठिपके पट्टीखाली चिकटवतात, ४८ तास पाठ भिजवायची नाही, मग पट्टी काढून पाहतात आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहतात. आमच्या मुलीला सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाखाली लाल चट्टा उठला. घरी पेस्टच हातावर बांधून ही परीक्षा करू नये. झाकून ठेवलेली पेस्ट कोणाचीही कातडी लाल करते.

आता निवडीचे. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' हा शब्द छापला म्हणजे अ‍ॅलर्जी होणारच नाही असे नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की शक्यता कमी, आणि तेही बनवणाऱ्याच्या मते. मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात, आणि तिथेही चवीच्या जागी नुसते 'फ्लेवर' लिहिलेले असते. म्हणून बिनचवीची किंवा अगदी सौम्य, पुदिना-दालचिनी नसलेली पेस्ट शोधावी. बिनफेसाच्या काही पेस्टमध्ये कोकामिडोप्रोपिल बीटेन असते, तेही काहींना बाधते. फेस नसला की दात स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाही, ही निव्वळ सवय आहे. काम ब्रश करतो. ट्यूबच्या शेपटावरची हिरवी-काळी पट्टी पाहून 'नैसर्गिक की केमिकल' ठरवणारे आमच्या स्टाफरूममध्येही आहेत. ती खूण यंत्राला ट्यूब कुठे कापायची हे कळावे म्हणून असते, बाकी काही नाही.

'आयुर्वेदिक आहे, त्रास कसा होईल?' हाही प्रश्न आला. लवंग, दालचिनी, पुदिना या झाडांच्याच वस्तू आहेत. अब्बा म्हणाले, मिसवाक दे तिला. पीलूच्या झाडाची ही काडी आपल्या घरांत सुन्नत म्हणून वापरली जाते आणि ताजी, टोक चावून मऊ केलेली काडी दात चांगले घासते. पण पाकिटातल्या काही मिसवाकांनाही पुदिन्याची, लिंबाची चव लावलेली असते, आणि मिसवाकचे नाव असलेल्या पेस्टमध्ये फेस आणि सुगंधाचे तेच घटक असू शकतात. आमच्या मते वाढत्या मुलांनी काडीबरोबर एकदा तरी फ्लोराइडची पेस्ट वापरावी, कीड रोखायला ती लागते. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी.

एक गोष्ट बोललीच पाहिजे. आमच्या नात्यातल्या एका चाचींनी पेस्ट तोंडाला झोंबते म्हणून सोडली आणि मिश्रीवर आल्या. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण चुलीवर भाजायला कोण अडवणार? मिश्रीने झोंबत नाही, उलट तरतरी येते, म्हणून ती सुटत नाही. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठावा. आणि पेस्ट लावताच ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर क्षणभरही थांबू नये.

आमच्या मुलीची ती लाल ट्यूब कचऱ्यात गेली. बिनचवीची पेस्ट पहिले चार दिवस तिला "खडू खाल्ल्यासारखी" लागली. तीन आठवड्यांत हनुवटी साफ झाली, ओठांना थोडा जास्त वेळ लागला, अल्हमदुलिल्लाह. डॉक्टरीणबाईंनी च्युइंगगम, माउथवॉश आणि बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांवरही नजर ठेवायला सांगितले होते. आता ती दुकानात प्रत्येक पाकीट उलटे करून वाचत उभी राहते, आणि मागे रांगेतली माणसे कुरकुरतात.