चाकांवरचे घर, विहाराची वाट

आश्विन सरताना भोकरदन तालुक्यातील राजूरच्या शिवारात कापूस फुटतो, आणि डोंगर अद्याप हिरवे असतात. राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन धोरणामुळे चाकांवरच्या घरातून सहल करण्याची कल्पना रुजू लागली आहे. राजुरेश्वराच्या गावाहून फुलंब्री, खुलताबादमार्गे वेरूळला निघालेल्या जैन कुटुंबाला त्याचा मोठा लाभ म्हणजे सोबतचे स्वयंपाकघर. उकळलेले पाणी, कंदमूळविरहित भोजन हाताशी असते. चौविहार सांभाळता येतो. मात्र दिवस लहान, म्हणून सूर्यास्तापूर्वीच मुक्काम गाठावा.

वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन आहेत. बत्तिसाव्या इंद्रसभेत वेलींनी वेढलेले बाहुबली कायोत्सर्गात उभे आहेत. डोंगरावरील भगवान पार्श्वनाथांच्या विशाल मूर्तीवरील लेख इ. स. १२३४-३५ चा आहे. मंगळवारी लेणी बंद असतात.

चातुर्मास संपताच साधू-साध्वींचा विहार याच रस्त्यांवरून सुरू होतो. पहाटेच्या धुक्यात अवजड वाहनाचा वेग त्यांच्या प्राणांवर बेतू शकतो. पावलाखालचा जीव जपणारी ईर्यासमिती साधूंची. चाकामागे बसलेल्या श्रावकाने तिचा अंश तरी पाळावा. विहार दिसताच वेग उतरवावा, हॉर्न वाजवू नये, पुरेसे अंतर राखूनच पुढे जावे.