भोर-वेल्ह्यात घर बांधताय? अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत पैसे नेमके कशावर घालायचे?

भाटघर किंवा पानशेतच्या पाण्याकडे तोंड केलेला पाच गुंठ्यांतला बंगला आणि हॉलला खालपासून वरपर्यंत काच. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत जागा घेणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र असतं. मग फॅब्रिकेटरचं कोटेशन येतं. त्यात 'थर्मल ब्रेक', 'डबल ग्लास', 'सरकारी नियमात बसणारी खिडकी' असे शब्द असतात आणि आकडा बराच फुगलेला असतो. हे सगळं खरंच लागतं का?

नियम काय सांगतो?

बांधकामाची परवानगी राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मिळते. दोन्ही तालुक्यांचा काही भाग पीएमआरडीएच्या हद्दीत येतो.

ऊर्जाबचतीसाठी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर 2018 मध्ये 'इको निवास संहिता' आणली. ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरांसाठी आहे. पाच गुंठे म्हणजे सुमारे 506 चौरस मीटर, म्हणजे तुमचा प्लॉट या रेषेच्या अगदी वर येतो! मात्र राज्याच्या किंवा स्थानिक नियमांत घेतली गेली, तरच ही संहिता बंधनकारक होते. त्यामुळे 'नियमच आहे' असं कोणी म्हणालं तर कोणता नियम, कोणतं कलम, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

ऊन आणि गरम हवा: फरक ओळखा

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी येते. बाहेरच्या गरम हवेमुळे काच आणि चौकट तापते आणि ती उष्णता आत झिरपते. ही वाट 'यू-व्हॅल्यू' मोजते. दुसरी वाट म्हणजे काचेतून थेट आत येणारं ऊन. त्याचं माप 'एसएचजीसी'. दोन्ही आकडे जितके कमी तितके चांगले.

संहितेनुसार भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटच्या आत हवी. ती मोजण्याच्या सूत्रात, उष्ण-दमट हवामानासाठी, खिडकीच्या यू-व्हॅल्यूला 1.31 ने गुणतात आणि एसएचजीसीला 65.21 ने.

आता हिशेब करू. साध्या एका काचेची यू-व्हॅल्यू साधारण 5.8 असते. साधीच काच दुहेरी केली की ती 2.8 च्या आसपास येते. या 3 अंकांच्या घटीचा फायदा झाला सुमारे 4. एसएचजीसी मात्र थोडीच उतरते. आता काच एकेरीच ठेवा, पण सावली आणि सोलर कंट्रोल काच यांनी एसएचजीसी 0.8 वरून 0.4 वर आणा. फायदा सुमारे 26, म्हणजे सहापटींहून जास्त! समशीतोष्ण गटाच्या सूत्रात तर हा फरक आणखी मोठा आहे.

मग थर्मल ब्रेक कशासाठी?

अ‍ॅल्युमिनियम लाकडापेक्षा सुमारे हजारपट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून सेक्शनच्या आतल्या आणि बाहेरच्या भागामध्ये पॉलिअमाइडची पट्टी घालतात. तोच थर्मल ब्रेक. बाहेर बर्फ आणि आत हीटर असलेल्या देशांत तो हवाच. आपल्याकडे एसी दिवसभर चालणार असेल तर विचार करा. शनिवार-रविवारच्या, खिडक्या उघड्या ठेवायच्या घरात आधी सावलीवर खर्च करा. दक्षिणेला छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, तिथे खोल व्हरांडा, उभी जाळी किंवा झाड लागतं.

काळी काच लावली की झालं?

नाही. संहिता काचेतून येणाऱ्या उजेडाचीही किमान मर्यादा घालते. खिडक्या भिंतीच्या 30 टक्क्यांपर्यंत असतील तर निदान 27 टक्के उजेड आत यायला हवा.

स्लायडिंगचा घोळ

उष्ण-दमट भागात घराच्या चटई क्षेत्राच्या एक षष्ठांश भाग उघडता यायला हवा. म्हणजे 120 चौरस फुटांच्या खोलीमागे 20 चौरस फूट. पाच बाय चारची टू-ट्रॅक स्लायडिंग लावली तर कागदावर 20 फूट दिसतात, पण उघडतात फक्त 10. थ्री-ट्रॅक दोन तृतीयांश उघडते, बिजागरीची खिडकी जवळपास 90 टक्के.

शिवाय राजगड-तोरण्याच्या बाजूचा पाऊस आडवा येतो. ट्रॅकला पाणी बाहेर जाण्याची भोकं आणि चांगलं रबर नसेल, तर महागडी काच असूनही पाणी हॉलमध्ये येणार.

ऑर्डर देण्याआधी कोटेशनवर हे लिहून घ्या

• काचेची एसएचजीसी, यू-व्हॅल्यू आणि उजेडाची टक्केवारी
• प्रत्येक खिडकीचं प्रत्यक्ष उघडणारं क्षेत्रफळ
• रबर आणि पाण्याच्या निचऱ्याची सोय

फॅब्रिकेटरला हे आकडे सांगता येत नसतील, तर वाढीव दर कशासाठी हे नक्की विचारा. आणि छज्जा प्लॅनमध्ये आत्ताच काढून घ्या, काच नंतरही बदलता येते.