जुन्या स्लाइड्स स्कॅन करायच्या आहेत आणि कम्प्युटरवर लिनक्स आहे? मग स्कॅनर घेण्याआधी हे तपासा

साधारण दोन इंचांची चौकोनी चौकट आणि तिच्या आत ३५ मिमी फिल्मचा एक तुकडा. प्रोजेक्टरमध्ये घातला की भिंतीवर चित्र. डिजिटल कॅमेरे येण्यापूर्वी गिर्यारोहक, पक्षिनिरीक्षक, कॉलेजमधले प्राध्यापक अशा अनेकांनी आपले सगळ्यात चांगले फोटो स्लाइडवरच काढले. त्यांचे डबे आजही कितीतरी कपाटांत पडून आहेत.

मात्र आतल्या स्लाइड्स हळूहळू खराब होत आहेत. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत फिल्मवर बुरशी धरते. अनेक जुन्या फिल्म्सचे रंग तर बंद डब्यात, अंधारातही फिके पडतात. म्हणून त्या वेळेत स्कॅन करायला हव्यात. विंडोज वापरणारे स्कॅनर विकत आणतात, ड्रायव्हर टाकतात आणि कामाला लागतात. लिनक्स वापरणाऱ्यांची गाडी इथेच अडते, कारण स्कॅनरच्या खोक्यावर लिनक्सचा उल्लेख क्वचितच असतो.

‘लिनक्सवर चालतो’ म्हणजे नक्की काय?

आजचे बरेचसे ऑल-इन-वन प्रिंटर उबुंटू किंवा फेडोरावर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय स्कॅन करतात. ते पाहून अनेकांना वाटतं, प्रश्न सुटला. पण स्लाइड कागदासारखी स्कॅन होत नाही. कागदावर पडलेला प्रकाश परत फिरतो आणि तो स्कॅनर टिपतो. स्लाइडच्या आरपार प्रकाश जावा लागतो. साध्या स्कॅनरच्या काचेवर स्लाइड ठेवलीत, तर पडद्यावर काळपट चौकोनच दिसेल.

त्यामुळे पर्याय दोनच उरतात. एक, फक्त फिल्मसाठी बनवलेला स्कॅनर. दुसरा, झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड. यातल्या दुसऱ्या प्रकारात खरी फसगत होते. लिनक्सवर कागद झकास स्कॅन होतो, पण झाकणातला दिवा चालवणं ड्रायव्हरला येत नाही. म्हणजे ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तेच काम होत नाही.

तपासायचं कुठे?

लिनक्सवर स्कॅनर चालवण्याचं मुख्य काम ‘सेन’ हा मुक्त प्रकल्प करतो. त्याच्या वेबसाइटवर स्कॅनरची यादी आहे आणि प्रत्येक मॉडेलपुढे आधार पूर्ण आहे, चांगला आहे, जेमतेम आहे की अजिबात नाही, हे लिहिलेलं असतं. फक्त हा शेरा वाचून थांबू नका, शेजारची टिप्पणीही वाचा. फिल्मच्या दिव्याबद्दलचं ‘पण’ बहुधा तिथेच सापडतं.

नुसतं कंपनीचं नाव बघून काही कळत नाही. एकाच मालिकेतल्या शेजारच्या क्रमांकाच्या मॉडेलमध्ये आतली चिप वेगळी असू शकते. प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म मालिकेतली काही मॉडेल सेनवर चालतात, पण म्हणून सगळी चालतील असं नाही. स्कॅनरची खरी ओळख म्हणजे त्याचा यूएसबी क्रमांक. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा (इंग्रजी लहान अक्षरांत, सलग) दिली की तो दिसतो. सेनच्या यादीत हाच क्रमांक शोधायचा.

एप्सन काही स्कॅनरसाठी स्वतः लिनक्स ड्रायव्हर देते. परफेक्शन व्ही६०० हा झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड त्यातलाच, आणि त्यात एका वेळी चार स्लाइड्स बसतात. मात्र त्याला कंपनीचा बंद प्लगइन लागतो. रास्पबेरी पायवर स्कॅन करायचा बेत असेल तर तो प्लगइन तुमच्या प्रोसेसरसाठी मिळतो का, हे आधी पाहा.

सेन चालत नसेल तर १९९८ पासून विकलं जाणारं ‘व्ह्यूस्कॅन’ हे सॉफ्टवेअर आहे. ते सशुल्क आहे, पण चाचणी आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात फोटोवर खुणा उमटतात, तरी स्कॅनर चालतो की नाही हे पैसे भरण्याआधीच कळतं. काही जुन्या स्कॅनरना आजच्या विंडोजवर कंपनीचं सॉफ्टवेअरच उरलेलं नाही. निकॉनचे कूलस्कॅन त्यातले. लिनक्सवर मात्र त्यांची काही यूएसबी मॉडेल अजून चालतात. सेकंडहँड घेताना लॅपटॉप आणि एक स्लाइड बरोबर न्या, आणि विक्रेत्यासमोरच स्कॅन करून पाहा.

डीपीआय किती हवा?

जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याला भुलू नका, कारण फ्लॅटबेडमध्ये प्रत्यक्ष मिळणारा तपशील त्याहून बराच कमी असतो. २४ × ३६ मिमीची स्लाइड २४०० डीपीआयला स्कॅन केली तर सुमारे ७७ लाख पिक्सेल मिळतात. घरच्या ४के टीव्हीवर दाखवायला एवढे पुरतात. ३६०० डीपीआयला हा आकडा १.७४ कोटींवर जातो, पण ४८ बिट रंगातली न दाबलेली एक फाइल सुमारे १०० एमबीची होते. ५०० स्लाइड्स म्हणजे ५० जीबी. हार्ड डिस्कचा खर्चही धरून ठेवा.

धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारी इन्फ्रारेडची सोय उपयोगी आहे, पण ती लिनक्स ड्रायव्हरमध्ये असेलच असं नाही. शिवाय कृष्णधवल फिल्मवर ती चालत नाही आणि कोडाक्रोमवर तिचा भरवसा नाही. डब्यात मुख्यतः कोडाक्रोम असेल तर या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

स्कॅनर न घेता काम होईल का?

होईल. घरात डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल, तर स्लाइडमागे पांढरं एलईडी पॅनल ठेवून फोटो काढता येतो. स्लाइड पॉझिटिव्ह असते, त्यामुळे निगेटिव्हसारखे रंग उलटवावे लागत नाहीत. ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही, आणि पुढचं काम डार्कटेबलवर होतं. मांडणी एकदा जमली की एका संध्याकाळी शेकडो स्लाइड्स उरकतात. खूप स्लाइड्स असणाऱ्यांनी स्कॅनरवर पैसे घालण्यापूर्वी हा मार्ग जरूर करून पाहावा.

पद्धत कोणतीही निवडा, आधी हाताने चालवायच्या ब्लोअरने धूळ उडवा. बुरशी लागलेल्या स्लाइडला मात्र पाणी लावू नका, चित्राचा थरच सुटून येऊ शकतो. अशा स्लाइड्स वेगळ्या काढा आणि पहिल्याच दिवशी, आहेत तशा स्कॅन करा.