गांजा सुटल्यानंतरचा महिना

तुकोबांची पालखी बारामती सोडून इंदापूरच्या वाटेला लागली की अंथुर्ण्याच्या पुढे शेळगावचा फाटा येतो. या वाटेवरच्या गावांना व्यसनत्यागाची एक जुनी रीत ठाऊक आहे. गळ्यात तुळशीची माळ आली की मद्यमांस वर्ज्य होते, आणि ती माळ चारचौघांच्या साक्षीने घातली जाते. ग्रामीण महाराष्ट्रात देवळाच्या ओवरीत चिलीमही फिरत आली, हे मात्र नाकारता येत नाही. माळ घातलेल्या दिवसापासून माणूस बदलला असे लोक मानतात आणि गांजा सोडणाऱ्याकडूनही तीच अपेक्षा धरतात. मग पहिल्याच आठवड्यात तो घरच्यांवर खेकसू लागला, रात्र रात्र तळमळू लागला, की ‘हा काही सुधारायचा नाही’ असा निकाल दिला जातो. मेंदूविज्ञानाने गेल्या काही दशकांत जे दाखवून दिले आहे ते पाहता हा निकाल घाईचा ठरतो.

गांज्यातील मुख्य मादक द्रव्य म्हणजे टीएचसी. इस्रायली रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेखौलम व येहिएल गाओनी यांनी ते १९६४ साली वेगळे काढले. पुढे १९९२ साली असे आढळले की, ज्या कुलपात ही किल्ली बसते त्या कुलपाची स्वतःची किल्ली मेंदू मुळातच तयार करीत असतो. त्या द्रव्याचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवण्यात आले. त्यातला ‘आनंद’ हा आपल्या संस्कृतातलाच. भूक, झोप, स्मरण आणि चित्ताची स्थिरता यांचा तोल राखण्यात या व्यवस्थेचा वाटा असतो. रोज बाहेरून टीएचसीचा मारा होऊ लागला की मेंदू आपली ही कुलपे, म्हणजेच ग्राहीस्थाने, कमी करीत जातो. तेवढ्याच नशेसाठी अधिक गांजा लागू लागतो तो यामुळे.

ही घट कायमची असते काय? अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ साली दीर्घकाळ रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. मेंदूच्या बाह्यस्तरात ग्राहीस्थानांची घनता सुमारे एक पंचमांशाने उणी आढळली. त्याच लोकांना कडक देखरेखीखाली सुमारे चार आठवडे गांज्यापासून दूर ठेवल्यावर ती पूर्वपदावर आली. भरपाईचा आरंभ दोन दिवसांतच होतो, असेही २०१६ सालच्या एका अभ्यासात दिसले.

मेंदू आतून असा सावरत असताना बाहेर दिसते ते नेमके उलटे. चिडचीड, घाम, अन्नावरची वासना उडणे, विचित्र व ठसठशीत स्वप्ने यांचा जोर पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो. दोन आठवड्यांत तो बहुधा ओसरतो. झोपेची तक्रार मात्र अधिक रेंगाळते. टीएचसी शरीरातील चरबीत साठून राहते, म्हणून दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तिच्या खुणा कित्येक आठवडे सापडू शकतात. तेवढ्यावरून ‘याने चोरून ओढला’ असा आरोप करणे अन्यायाचे होईल.

तथापि सर्वांना सारखाच दिलासा देता येत नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे सुमारे हजार मुलांचा जन्मापासून मागोवा घेण्यात आला. कोवळ्या वयात गांजा धरून वर्षानुवर्षे तो चालू ठेवणाऱ्यांची बुद्धिमत्ता-चाचणीतील घसरण गांजा सोडल्यावरही पूर्णपणे भरून निघाली नाही, असे २०१२ साली त्यातून मांडले गेले. जुळ्या भावंडांवरील पुढच्या अभ्यासांनी या निष्कर्षाविषयी शंका घेतली आहे, आणि वाद मिटलेला नाही. पण वाढत्या वयाच्या मेंदूवर हा प्रयोग करू नये, एवढे शहाणपण वाद मिटण्याची वाट पाहत नाही.

पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक बळ दिले. निमित्त गर्दच्या साथीचे होते. पुढे सर्वच व्यसनांचे रुग्ण तेथे येऊ लागले. तेथील निवासी उपचाराची परंपरागत मुदत सुमारे पाच आठवड्यांची. मेंदूची छायाचित्रे घेऊन ही मुदत कोणी ठरवली नव्हती. तरीही रुग्णाला जुन्या संगतीपासून दूर, समदुःखी माणसांच्या सहवासात ठेवणारा हा काळ मेंदूच्या भरपाईच्या काळाशी जुळतो, हे लक्षणीय होय.

याचा अर्थ महिना उलटला की व्यसन संपले, असा नव्हे. ग्राहीस्थाने परत आली तरी सवय, मित्रमंडळी आणि रिकामी संध्याकाळ जिथल्या तिथेच असतात. म्हणून घराने आणि शाळेने पहिला महिना उपदेशाचा न मानता राखणीचा मानावा. वर्गात लक्ष न लागणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी शिक्षकाने काही आठवडे थांबावे. कारकुनाच्या हातून आकडेमोडीत चूक झाली तर सहकाऱ्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये, सांभाळून घ्यावी. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातही, कलम ६४ अ अन्वये, सेवनाच्या अथवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातील व्यसनी स्वखुशीने उपचारास गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मदतीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. शिक्षेची भाषा करणाऱ्या कायद्यालाही जी सवड देणे योग्य वाटले, ती घरच्या माणसांनी नाकारावी काय?