जनता घड्याळाची किंमत

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत आजही एक लोखंडी पेटी असते. तिच्यात जमिनीचे कागद, शाळेचे दाखले, जुने फोटो आणि रुमालात गुंडाळलेले एखादे चावीचे घड्याळ सापडते. काच खरचटलेली, पट्टा कुजलेला. मुलांना ती भंगारात देण्याची वस्तू वाटते. पण हल्ली मोठ्या शहरांतले व परदेशांतले हौशी संग्राहक नेमकी हीच घड्याळे शोधत आहेत. असे का, हे आमच्या वाचक कुटुंबांनी समजून घेतले पाहिजे.

एके काळी मनगटी घड्याळ म्हणजे विलायती चैन होती. शेतमजुराची वेळ सूर्य सांगे आणि गिरणी कामगाराची वेळ भोंगा. भोंगा मालकाचा होता. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी आणलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ साली बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ४८ तास ठरले. पण ते तास स्वतः मोजायचे तर मनगटावर स्वतःचे घड्याळ हवे!

ते घड्याळ आणले एच.एम.टी. या सरकारी कारखान्याने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला घड्याळांचा कारखाना निघाला. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर आली. पुढे पायलट, सोना, कोहिनूर अशी कितीतरी नावे घरोघरी झाली. अंधांसाठी बोटांनी वेळ वाचता येईल असे ब्रेल घड्याळही निघाले. पण साध्या माणसाच्या मनगटावर शोभले ते 'जनता'. नावातच सारे आले.

या घड्याळाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही जावयाची मागणी होऊन बसली आणि त्यापायी अनेक बापांनी कर्ज काढले. उलट, मुलाला नोकरी लागली म्हणून किंवा वडील सेवानिवृत्त झाले म्हणून प्रेमाने दिलेली घड्याळेही याच कारखान्याची होती.

मग संग्राहकांना यात काय दिसते? पहिली गोष्ट साधेपणा. पांढरी तबकडी, बारा आकडे, तीन काटे, बस्स. तारीख नाही, वार नाही, झगमगाट नाही. आकार आजच्या घड्याळांपेक्षा लहान, त्यामुळे बारीक मनगटालाही ते जड होत नाही. आत सेल नाही. रोज सकाळी चावी द्यायची की दिवसभराची सोय झाली. मशीन सेकंदाला पाच ठोके देते. आत '१७ ज्वेल' असतात. ती कारखान्यात बनवलेली माणके चाकांची झीज कमी करतात. त्यांची बाजारात वेगळी किंमत येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

असा साधेपणा पुढे जगात मोठ्या किमतीला विकला गेला. ज्या १९६१ साली बंगलोरचा कारखाना निघाला, त्याच साली मॅक्स बिल या स्विस कलावंताने युंगहान्स या जर्मन कंपनीसाठी अत्यंत साधी मनगटी घड्याळे रेखाटली. आज परदेशांतल्या नामांकित कंपन्या जुन्या धाटणीची साधी घड्याळे नव्याने काढतात. वेळ सांगायला फोन आहेच, म्हणून घड्याळ आता आवडीची वस्तू झाले आहे. फरक एवढाच की, त्यांचा साधेपणा आवडीचा आणि आमचा खिशाला परवडण्यासाठीचा. डोळ्याला दोन्ही सारखेच सुंदर!

संग्राहकांच्या खास आवडीचे एक 'जनता' आहे. त्याच्या तबकडीवर १ ते १२ हे देवनागरी आकडे आहेत. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले. सामान्य माणसाच्या बोलीला तिथे ग्रंथात मान मिळाला. आज तिथे मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्या मुलखातल्या माणसाला आपल्याच अंकांत वेळ वाचण्याचा आनंद वेगळा सांगायला नको.

सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळांपुढे चावीची घड्याळे मागे पडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून जुन्या घड्याळांना मागणी वाढली आणि लबाडीही आली. झिजलेल्या तबकडीवर नवा रंग देऊन, दहा घड्याळांचे भाग एकत्र करून 'जुने व अस्सल' म्हणून घड्याळ विकले जाते. डबी घासलेली पण तबकडी कोरी करकरीत, अक्षरे जाड किंवा वाकडी, असे दिसले तर सावध व्हावे. देवनागरी तबकडीच्या बाबतीत तर दुप्पट सावध!

आपल्या घरी असे घड्याळ असेल तर तबकडी रंगवून घेऊ नका. तिच्यावरचे डाग हीच तिच्या अस्सलपणाची खूण. पाण्यापासून जपा. अनेक वर्षे बंद असेल तर जोराने चावी देऊ नका, आधी जाणत्या कारागिराकडून साफ करून तेल घालून घ्या. दारावर आलेल्या खरेदीदाराला पहिल्याच भावात देऊ नका. अडचणीत विकावे लागले तर त्यात कमीपणा नाही. मात्र दोन-चार ठिकाणी किंमत विचारून मगच द्या.

आणि ठेवायचे ठरवले तर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: हे कोणी घातले, कोणत्या साली घेतले, कोणत्या कामावर जाताना घातले. संग्राहक घड्याळ विकत घेऊ शकतो, पण ही माहिती फक्त आपल्या घरात आहे. सांगणारी माणसे आहेत तोवर ती लिहून घ्यावी.