कमळाचा भाऊबंद चिनार

श्रीनगरच्या दल सरोवरात उन्हाळ्यात कमळं फुलतात आणि काठावरच्या नसीमबागेत चिनाराचे जुने वृक्ष उभे आहेत. एक चिखलात रुजणारी पाणवनस्पती, दुसरा शेकडो वर्षं जगणारा वृक्ष. कमळाचं नातं असेल तर ते पाण्यातल्याच कुमुदिनीशी, असं कुणालाही वाटेल. वनस्पतिशास्त्रज्ञही पूर्वी तसंच मानत.

डीएनए तपासणीनं हा समज मोडला. १९९८ साली जाहीर झालेल्या नव्या वर्गीकरणात कमळ आणि चिनार एकाच गणात आले. कुमुदिनीची शाखा त्यांच्यापासून फार पूर्वीच वेगळी झालेली. पाण्यात राहून दोघींचं रूप सारखं झालं, इतकंच. कमळ आणि चिनार यांच्या वाटा फुटल्या त्यालाही दहा कोटींहून अधिक वर्षं झाली.

या काळात दोघांनी परागीभवनाचे वेगळे मार्ग धरले. कमळाचं फूल कीटकांना बोलावतं. हवा १० अंशांपर्यंत गार झाली तरी ते स्वतःचं तापमान ३० ते ३६ अंश सेल्सिअस राखतं. चिनाराची बारीक फुलं मात्र परागकण वाऱ्यावर सोडतात. ते माणसाच्या नाकातही जातात. स्पेनमधल्या शहरांत रस्त्याकडेला चिनाराच्या संकरित जातीची झाडं आहेत. वसंतात तिथं अनेकांना शिंका, डोळ्यांची खाज आणि दम्याचा त्रास होतो.

यातल्या काही रुग्णांना पीच, हेझलनट, शेंगदाणे किंवा लेट्यूस खाल्ल्यावरही त्रास होतो. यातलं एकही चिनाराचं जवळचं नातेवाईक नाही. शरीरातली प्रतिपिंडं वनस्पतीचं कूळ पाहत नाहीत, प्रथिनाचा आकार ओळखतात. तसा आकार परक्या वनस्पतीतही सापडतो.

म्हणून चिनाराची ॲलर्जी असणाऱ्यानं केवळ नात्यामुळे कमळकाकडी सोडण्याचं कारण नाही. उलट, ‘हे तर वेगळंच झाड’ म्हणून निर्धास्तही राहू नये. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटली किंवा ओठ सुजले, तर तो पदार्थ थांबवावा, काय आणि केव्हा खाल्लं ते लिहून ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. श्वास लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावं.